कॉमिकचं परीक्षण लिहिताना चित्रांबद्दल काय लिहायचं?

दुपारची_वाचक

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं मी नव्या चित्रकथांवर लिहितेय. आपल्याकडे कॉमिक म्हणजे पोरासोरांचं वाचन, त्यामुळे त्यावर कुणी धड लिहीत नाही. याचं वाईट वाटायचं, म्हणून सुरू केलं.

मागच्या महिन्यात एका तरुण चित्रकाराने पदरमोड करून काढलेलं कॉमिक विकत घेतलं. ६४ पानं, काळंपांढरं. खाडीवर तर, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी, चालवणारा एक म्हातारा आणि पूल झाल्यावर रिकामी पडलेली त्याची तर, एवढीच गोष्ट. वाचून गलबलून आलं. त्याच रात्री परीक्षण लिहून टाकलं.

दोन दिवसांनी चित्रकाराचा निरोप आला. आधी आभार, मग शेवटी एक ओळ : "ताई, ही चित्रं काढायला मला चौदा महिने लागले. त्यांच्याबद्दल एखादं वाक्य असतं तर बरं वाटलं असतं."

मी माझंच लिखाण पुन्हा वाचलं. सात परिच्छेद. सहांत गोष्ट, सातव्यात संवाद, आणि चित्रांच्या वाट्याला "चित्रंही सुंदर आहेत" एवढंच. ते "ही" मला फार लागलं. कादंबरीचं परीक्षण म्हणून छापलं असतं तरी कुणाला फरक कळला नसता.

माझं चित्रकलेचं शिक्षण शाळेतल्या एलिमेंटरीच्या परीक्षेपुरतं. "लयदार रेषा", "बोलकी चित्रं" असले शब्द मला माहीत आहेत, पण ते न समजता वापरले की चित्रकाराला लगेच कळतं. तर विचारायचंय, ज्याला चित्र काढता येत नाही त्याने चित्रांबद्दल खरं काय लिहावं? तुम्ही कॉमिक बघता तेव्हा नेमकं काय बघता?

जुना_गठ्ठा

ताई, शिक्षणावाचून अडत नाही, पण डोळ्यांना सवय लावावी लागते. मी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेला माणूस. पहिला अंक मार्च १९६४चा, मालिका बंद पडली १९९०मध्ये. माझ्याकडचे मराठी अंक बहुतेक एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून घेतलेले. वडील गाडी लागेपर्यंत एक अंक घेऊन द्यायचे आणि गाव येईपर्यंत तो दोनदा वाचून व्हायचा.

तेव्हा मीही गोष्टच वाचायचो. पुष्कळ वर्षांनी इंद्रजालमधल्या वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या, मूळ वर्तमानपत्री पट्ट्या पाहायला मिळाल्या. रोजची एक आडवी पट्टी, तीनचार चौकटींची. अंकाच्या उभ्या पानात ती बसवताना चौकटी कापल्या जायच्या, काही गाळल्या जायच्या. सुरुवातीच्या अंकांत तर वेताळाला सोळाच पानं असायची, बाकीच्या पानांवर सामान्यज्ञान. दोन्ही शेजारी ठेवली तेव्हा दिसलं की गोष्ट तीच आहे, पण चाल वेगळी आहे. पट्टीत जिथे थांबायला लावलंय, तिथे अंकात घाईने पुढे ढकललंय. लहानपणी मला वेताळ भलताच चपळ वाटायचा. त्यातली थोडी चपळाई कात्रीची होती.

रंगाचंही तसंच. वेताळाचा जनक ली फॉक, त्याने वेताळाचा पोशाख मनात करडा धरला होता. १९३९ साली रविवारच्या रंगीत पानात तो जांभळा छापला गेला. स्वीडनमध्ये तोच निळा आहे, इटलीत लाल. लाल वेताळ झाडीत उभा राहिला की चित्राचा सगळा तोलच बदलतो. तेव्हा रंग कुणी भरले, का भरले, हे विचारत जा.

माझी एक सवय सांगतो. पहिलं वाचन झालं की दुसऱ्या खेपेला संवादाच्या फुग्यांवर कागदाचे कपटे ठेवतो आणि नुसती चित्रं बघतो. किती गोष्ट कळते, कुठे अडतो, ते पेन्सिलीने टिपून ठेवतो. मग पानागणिक चौकटी मोजतो. सहा-सहा-सहा चाललंय आणि मधेच एका पानावर एकच चौकट आली, तर चित्रकाराने तिथे तुम्हाला मुद्दाम थांबवलंय. का थांबवलं ते लिहा. तेच परीक्षण.

रोखठोक_वाचक

माझं मत थोडं वेगळं आहे. परीक्षण वाचून मला ठरवायचं असतं की तीनशे रुपये घालवायचे का नाही. गोष्ट कशी आहे ते सांगा, तेवढं पुरे. चौकटी मोजून वाचकाला काय मिळणार?

कानामात्रा

मी कॉमिकमध्ये अक्षरं बसवायचं काम करते, म्हणून माझंही गाऱ्हाणं मांडते. परीक्षणात अक्षरांचा उल्लेख मी आजवर एकदाही वाचलेला नाही.

अनुवादित कॉमिक हातात घ्या. इंग्रजीसाठी काढलेल्या फुग्यात बहुधा सगळी कॅपिटल अक्षरं असतात. खालीवर काही लोंबत नाही, ओळी एकमेकींना चिकटल्या तरी चालतं. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. दोन ओळींत जागा सोडावीच लागते. फुगा तेवढाच राहतो, मग अक्षर बारीक करायचं नाहीतर वाक्य छाटायचं. "तू पूर्वी कुठे होतास?" एवढं वाक्य तीन ओळींत बसवून बघा, वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांवर आपटतात.

दुसरं, आपलं क्रियापद शेवटी. एक वाक्य दोन फुग्यांत तोडलं की घाव दुसऱ्या फुग्यात बसतो, आणि चेहरा मात्र पहिल्या फुग्याखाली रागावलेला असतो. चांगला अनुवादक चेहरा बघून वाक्य फिरवतो. आवाजांकडेही लक्ष द्या. मराठीत धाडकन, सपकन, चर्र, खळ्ळकन असताना इंग्रजी "बूम" तसाच ठेवला असेल, तर ते परीक्षणात यायलाच हवं. कुठल्या पानावर, तेही लिहा. नुसतं "अनुवाद जमला नाही" म्हटल्याने करणाऱ्याला काही हाती लागत नाही.

दुपारची_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सुट्टी होती. जुना_गठ्ठा काकांनी सांगितलं तसे कपटे घेऊन बसले.

आधी 'भीमायन' काढलं, बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं कॉमिक, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांचं, २०११चं. पूर्वी दोनदा वाचलंय. बाबासाहेबांचा लहानपणीचा मसूर स्टेशनापासूनचा बैलगाडीचा प्रवास मला पाठ आहे, म्हणून चित्रांवरून नजर सरकत गेली होती. त्यात चौकोनी चौकटी नाहीतच. आणि फुगे! प्रेमाने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, टोचून बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. कपटा ठेवून शब्द झाकले तरी नांगी बाहेर राहते. काय बोलला ते दिसत नाही, डंख मारला एवढं दिसतं. रोखठोक, मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तुमचे पैसे याच्यासाठी जाणार आहेत, आणि गोष्टीचा सारांश वाचून हे तुम्हाला कळलं नसतं.

मग तरवाल्याचं कॉमिक उघडलं. पान ३८पर्यंत प्रत्येक पानावर पाण्याच्या आडव्या रेषा आहेत, अगदी घरातल्या चित्रांतही, भिंतीवर कवडशासारख्या. पान ३९वर पूल सुरू होतो आणि त्यानंतर घरातल्या भिंती कोऱ्या. संपूर्ण कोऱ्या. म्हातारा जेवतोय, दाढी करतोय, मागे नुसता पांढरा कागद. पहिल्या वेळी मला वाचताना घशाशी आलं होतं, ते या पानांवर. मी ते संवादांच्या खाती जमा केलं होतं.

एक खटकलं, तेही लिहिणार आहे. पान ५२वर पाच फुगे एकाच चौकटीत कोंबलेत आणि म्हाताऱ्याचा हात त्यांच्याखाली गेलाय. कानामात्रा, तुमचं वाचलं नसतं तर दिसलं नसतं.

जुनं परीक्षण तसंच ठेवतेय. खाली आजची तारीख घालून नवं जोडते आणि चित्रकाराला आधी वाचायला पाठवते. भिंतींवरच्या त्या रेषा त्याने ब्रशने मारल्यात की टाकाने, हे मला कळलेलं नाही. तेवढं त्यालाच विचारते.