नारळी सप्ताहाच्या मांडवात ऊसतोडीचा हिशोब का होऊ नये?

बालाघाटी

मुद्दा आधीच सांगतो. आपल्याकडचे संतांचे गड, संस्थानं आणि कीर्तनकार यांनी ऊसतोड मजुरांचा प्रश्न उघडपणे हाती घ्यावा. कीर्तनात दोन वाक्यं बोलून भागणार नाही. मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाची वही पंचांसमोर, देवाच्या दारात उघडली गेली पाहिजे.

बीड-पाथर्डीकडचा मजूर संघटनेच्या सभेला येईलच असं नाही, पण भगवानगडाला येतो, गहिनीनाथगडाला येतो, नारायणगडाला येतो. दसऱ्याला दर्शन घेऊन कारखान्याची वाट धरतो. हंगाम संपला की परततो, आणि त्याच सुमाराला गडांचे नारळी सप्ताह, म्हणजे सात दिवसांचे कीर्तन-पंगतीचे सोहळे, बसलेले असतात. मुकादमाशी हिशोबही त्याच दिवसांत होतो. सात दिवस मुकादम आणि मजूर एकाच मांडवात बसतात, एकाच पंगतीला जेवतात. वही तेवढी घरी राहते.

त्या वहीत काय असतं ते बघा. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांनी दिवसाला दोन टन तोडले असं धरू. दोघांचे मिळून ७३२ रुपये झाले. लाखाची उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, असेल तर ती फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो, म्हणजे १३७ दिवस, एकही खाडा न करता. २०२४-२५ चा हंगाम तर कितीतरी कारखान्यांवर शंभर दिवसही चालला नाही. कितीही राबलं तरी बाकी निघणारच, आणि त्या बाकीवर पुढच्या सालची उचल चढणार. वर तापाने पडलं तर खाड्याचे दिवसाला पाचशे-हजार कापले जातात. अंगठा देणाऱ्याला वहीत काय लिहिलंय ते कुठून कळणार?

गाडगेबाबा कीर्तनातून कर्ज काढू नका, पोरं शिकवा म्हणून लोकांना झापायचे. भगवानगडाच्या भगवानबाबांनीही शिक्षणाचाच धोशा लावला होता. ही आपलीच परंपरा आहे. मग आजच्या कीर्तनात उचल हा शब्द का येत नाही?

फडातला

बालाघाटी, तळमळ पोचली, पण मला हे अजिबात पटत नाही.

सप्ताहाची पंगत कोण देतं? मोठा मुकादम देतो, कारखान्याचा संचालक देतो. कीर्तनकाराचं पाकीटही तिथूनच येतं. ज्याच्या पैशावर मांडव उभा आहे त्याच्या वहीवर त्याच मांडवात बोट कोण ठेवणार? पंच कोण असणार तेही मला माहीत आहे. सरपंच, सोसायटीचा चेअरमन आणि एखादा मुकादमच.

दुसरं, आमच्या टोळीत बौद्ध कोयते आहेत, मातंग आहेत, लमाण तांड्यावरची माणसं आहेत. भगवानगडाला वंजारी समाज मानतो, नारायणगडाला मराठा, बंजारा बांधव पोहरादेवीला जातात. बौद्ध मजुराने हिशोबासाठी कुठल्या गडाची पायरी चढायची? फडात सगळे एका रांगेत वाकतात, आणि तुम्ही त्यांना हिशोबासाठी परत जातीजातीत वाटून देणार.

वेठबिगारीविरुद्ध १९७६ चा कायदा आहे. उचलीपोटी माणूस अडकवून ठेवला तर सोडवणं हे जिल्हाधिकाऱ्याचं काम आहे. हक्क तिथं मागायचा असतो. महंतांकडे मागितला की त्याची कृपा होते, आणि कृपा कधीही काढून घेता येते.

बालाघाटी

कायदा १९७६ पासून आहे. तहसील कचेरीत उचलीची तक्रार घेऊन किती जण गेले? जो जातो त्याला पुढच्या साली कुठलाच मुकादम उचल देत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. शिवाय आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा जो कायदा होता तो बीडहून सांगलीला जाणाऱ्याला कधी लागूच झाला नाही, कारण त्याने राज्याची हद्द ओलांडलेली नसते. एकटा माणूस बोलला तर मरतो. मांडवात हजार माणसं साक्षीला असतात.

गड मिंधे आहेत म्हणता, पण २०१६ साली भगवानगडाने राजकीय भाषणाला मनाई केली आणि दसरा मेळावा पुढे सावरगावला गेला. ते बरोबर की चूक हा वाद वेगळा, पण गड मोठमोठ्या पुढाऱ्यांना नाही म्हणू शकतो हे दिसलं ना?

कृष्णाकाठ

मी ऊस लावणारा. आमची बाजूही ऐका. तोडणीचे पैसे उसाच्या बिलातून कापले जातातच, वर टोळीला खुशाली म्हणून जादा पैसे, ड्रायव्हरला 'एंट्री'चे वेगळे. नाही दिली तर ऊस तुरा येऊन वाळतो. धर्म सांगायचाच असेल तर तोही सांगा. आता हार्वेस्टर येतायत, दहा वर्षांनी हा प्रश्नच उरणार नाही.

फडातला

कृष्णाकाठ, खुशाली चुकीचीच आहे, पण ती कुठून येते ते बघा. ज्याची मजुरी अगोदरच उचलीत गेली त्याच्या हातात हंगामभर येणारा रोख पैसा म्हणजे वाढं (उसाचे शेंडे) विकून आलेला आणि तुमची खुशाली. हार्वेस्टर आला तर हा माणूस जाणार कुठे, तेही सांगा.

दूरदेशी

मी कॅलिफोर्नियात राहतो, इथला इतिहास या चर्चेला उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

सप्टेंबर १९६५ मध्ये डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संप झाला. सुरुवात फिलिपिनो मजुरांनी केली, आठवड्याभराने सीझर चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना सामील झाली. पुढच्या वसंतात ते डेलानोहून राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत चालत गेले, ग्वादालुपेच्या मातेचा (मेरीचा) झेंडा पुढे धरून, आणि ईस्टरच्या दिवशी पोचले. आपल्याला पायी दिंडी कळते, तेव्हा या चालण्याची ताकद समजायला अवघड नाही. १९६८ मध्ये चावेझ यांनी पंचवीस दिवसांचा उपास केला, त्यात गांधींचा आदर्श होता.

पण डेलानोतल्या स्थानिक चर्चनी साथ दिली नाही. मळेवालेही त्याच चर्चमध्ये प्रार्थनेला यायचे, देणग्या द्यायचे. फडातला म्हणतात तेच तिथं घडलं. मदत आली ती बाहेरच्या धर्मगुरूंकडून. ते गाडीत बसून आले आणि मजुरांबरोबर मळ्याच्या कडेला उभे राहिले. १९७० मध्ये करार झाले तेव्हा कॅथलिक बिशपांच्या समितीने मध्यस्थी केली.

दुसरं उदाहरण फ्लोरिडातल्या इमोकलीच्या टोमॅटो मजुरांचं. त्यांची मागणी पाउंडाला एक सेंट वाढीची होती. शेतमालक ऐकेनात, तेव्हा त्यांनी टोमॅटो विकत घेणाऱ्या टाको बेल या हॉटेलांच्या साखळीवर बहिष्कार पुकारला. २००२ मध्ये प्रेस्बिटेरियन चर्चने बहिष्काराला पाठिंबा दिला. त्या चर्चचं मुख्यालय आणि टाको बेलच्या मालक कंपनीचं मुख्यालय लुइव्हिल या एकाच शहरात. मार्च २००५ मध्ये कंपनीने मागणी मान्य केली.

म्हणून बालाघाटी, गावच्या सप्ताहावर सगळा भार टाकू नका. मुकादमाचा एक पैसाही न घेणारे वारकरी पुण्या-मुंबईत लाखांनी आहेत. साखर विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्याही तिथेच आहेत.

फडातला

दूरदेशी, हे पटण्यासारखं आहे. त्या लोकांनी मजुरांची संघटना आधी उभी केली आणि झेंडा मग हातात घेतला, एवढं मात्र विसरू नका. मागणी मजुरांनी ठरवली, धर्मगुरू मागून आले. आमच्याकडे उलटं होण्याचीच भीती आहे.

मुकादमाचं_घर

इथे मुकादम म्हणजे राक्षस असं चाललंय, म्हणून लिहितो. माझे वडील मुकादम. कारखाना उचलीचे पैसे देतो ते वडिलांच्या नावावर, जमीन तारण ठेवून. तीन कोयत्यांनी उचल घेतली आणि दुसऱ्या टोळीबरोबर कर्नाटकात गेले. आमची दोन एकर विकली गेली. कारखान्याने एक रुपया सोडला नाही.

कागदावर कारखाना म्हणतो, हे आमचे कामगारच नाहीत, मुकादमाचे आहेत. वजन मात्र त्याच्याच काट्यावर, दर कारखान्यांच्याच संघाबरोबर ठरलेला. मी वडिलांची वही मांडवात आणायला तयार आहे. कारखान्याच्या चिठ्ठ्याही शेजारी ठेवा, मग कळेल पैसा कुठे मुरतो. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचेत. त्यातून आमच्या टोळीच्या कोपीवर (झोपडीवर) आजवर काय पोचलं, तेही तिथेच विचारू.

केजची_लेक

सगळ्या दादांचं वाचलं. इतका वेळ हिशोब चाललाय आणि त्यात बाईचं नावच नाही.

कोयता म्हणजे नवरा-बायको, हे वर लिहिलंयच. उचलीच्या कागदावर अंगठा नवऱ्याचा, पैसा नवऱ्याच्या हातात, आणि फेडायची मात्र दोघांनी. आई पहाटे तीनला उठून भाकरी थापायची, फडात मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायची, रात्री परत चूल. त्या कोपीला न्हाणी नाही, संडास नाही. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. २०१९ मध्ये सरकारच्या समितीने बीडमध्ये पाहणी केली. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. माझ्या मावशीचं काढलं तेव्हा ती तिशीचीही नव्हती. ऑपरेशनचा खर्च पुन्हा उचलीतच धरला गेला.

माझा गडावर विश्वास आहे. वारीही केली आहे. त्या पाहणीनंतरच्या वर्षांत मी किती सप्ताह ऐकले, गर्भाशयांच्या या प्रश्नावर एकाही महाराजांच्या तोंडून शब्द आला नाही. सुनेने कसं वागावं हे मात्र प्रत्येक कीर्तनात ऐकलं. बालाघाटी दादा, तुमच्या मांडवात पंच सगळे पुरुष असतील आणि बायका पलीकडे भाजी निवडत बसतील, तर तो हिशोब माझ्या आईचा होणार नाही.

बालाघाटी

ताई, यावर वाद नाही. पंचांत निम्म्या बायका, आणि त्याही फडात गेलेल्या, ही पहिली अट ठेवू. उचलीच्या कागदावर नवरा-बायको दोघांची नावं, ही दुसरी. फडातला यांचा जातीचा मुद्दाही धरतो. हिशोब गडाच्या गाभाऱ्यात नको, शाळेच्या पटांगणात ठेवू. महाराजांनी तिथं येऊन बसावं, जसे बाकीचे बसतील तसे. पण ते आले पाहिजेत, हा माझा आग्रह कायम आहे. विठ्ठलमंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली साने गुरुजी पंढरपुरात दहा दिवस उपाशी बसले. देव मानणाऱ्या माणसाने देवळाच्या कारभाराला जाब विचारला, म्हणून तो लोकांच्या काळजाला भिडला. हे काम तहसीलदाराच्या नोटिशीने होत नाही.

फडातला

महाराज पटांगणात येऊन खाली बसणार असतील तर मी विरोध करणार नाही. पण मागण्यांची यादी आधी टोळ्यांमध्ये बसून होऊ द्या. पोरांसाठी हंगामी वसतिगृह, खाड्याची मर्यादा, दोघांची नावं, वजनाच्या चिठ्ठीची प्रत मजुराच्या हातात. महाराजांनी ती यादी काल्याच्या कीर्तनात वाचावी, एक ओळही न गाळता. आणि त्या दिवशीची पंगत मुकादमाची नसावी. वर्गणी काढू, आमच्या तांड्याचे आणि वस्तीचेही पैसे घ्या, आणि त्या पंगतीला आम्हालाही सगळ्यांबरोबर बसवा.

केजची_लेक

यादीत आणखी एक लिहा. बाळंतिणीचा आणि ऑपरेशन झालेल्या बाईचा खाडा धरायचा नाही.