मदत हवी आहे: नाताळात सहा जणांचे कुटुंब आणि मुंबईतील खिशाला परवडणारी भटकंती

नमस्कार. आम्ही सांगलीचे. यंदा नाताळच्या सुट्टीत बुधवारी, २३ डिसेंबरला सकाळी डोंबिवलीला धाकट्या भावाकडे पोहोचत असून रविवारी रात्रीच्या गाडीने परत निघणार आहोत. मुक्काम घरचाच असल्यामुळे प्रश्न उरतो तो फक्त फिरण्याचा. आम्ही दोघे, सात आणि अकरा वर्षांच्या दोन मुली, माझी आई आणि वाट दाखवायला भावजय, अशी सहा माणसे असू. लोकल, बस, तिकिटे आणि बाहेरचे खाणे हे सगळे मिळून पाच हजार रुपयांत बसावे अशी इच्छा आहे. आईचे गुडघे दुखतात. ती सावकाश चालू शकते, परंतु रेल्वेचे पूल वारंवार चढणे-उतरणे तिला जमणार नाही.

मुलींना नाताळची सजावट पाहायची आहे आणि त्यांच्या मते ती मॉलमध्येच असते. मॉलमध्ये आत जायला पैसे पडत नाहीत हे खरे असले, तरी खेळांचे यंत्र आणि आइस्क्रीम यांच्यापुढे माझा निभाव लागणार नाही, हे मी जाणून आहे. शिवाय ज्यांच्या घरी हा सण असतो त्यांच्या वस्तीत तो कसा साजरा होतो, हे मुलींनी पाहावे असे मला मनापासून वाटते. आमचा कच्चा बेत असा आहे: बुधवारी दुपारी राणीची बाग, गुरुवारी संध्याकाळी वांद्रे आणि जमल्यास मध्यरात्रीची प्रार्थना, शुक्रवारी नाताळच्या दिवशी गेटवे, शनिवारी वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, आणि रविवारी काहीच ठरलेले नाही.

माझे प्रश्न: हा क्रम योग्य आहे का? आम्ही ख्रिस्ती नसताना चर्चमध्ये गेलो तर कोणाला अवघडल्यासारखे होईल का? आणि रविवारी आईलाही आवडेल असे काय करता येईल?

प्रतिसाद

बेत चांगला आहे, पण पहिल्याच दिवशी अडेल. राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बुधवारी बंद असते आणि त्याच आवारालगतचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद असते. प्रवासाहून आल्यावर बुधवारी घरीच राहावे आणि राणीची बाग गुरुवारी सकाळी, दारे उघडता उघडता गाठावी. तेथे दोन मोठे आणि दोन मुले अशा कुटुंबाला १०० रुपयांचे एकत्रित तिकीट मिळते. वरच्या मोठ्या माणसांना प्रत्येकी ५० रुपये धरा. मुली पेंग्विनच्या काचेसमोरून हलणार नाहीत, त्यामुळे आधी तिकडेच जावे, कारण अकरानंतर तेथे रांग वाढते. डोंबिवलीहून येणाऱ्या बहुतेक जलद गाड्या भायखळ्याला थांबतात, म्हणजे आईंना गाडी बदलावी लागणार नाही. परतीच्या वाटेवर भायखळ्याचे ग्लोरिया चर्च बाहेरून तरी अवश्य पाहा. मध्य मुंबईत इतकी देखणी इमारत क्वचितच आढळते.

वांद्र्याला २४ तारखेऐवजी शनिवारी जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी हिल रोडवर चालायला जागा नसते, आणि दोन मुली व गुडघे दुखणारी आई यांना घेऊन तेथून डोंबिवलीला परतणे म्हणजे सणाची शिक्षा आहे. नाताळनंतरही चांदण्या आणि देखावे बरेच दिवस तसेच राहतात. दुपारी चारच्या सुमारास वांद्रे स्थानकाच्या पश्चिमेला उतरून हिल रोडने रमतगमत निघा, मध्ये रानवार आणि चॅपेल रोडच्या गल्ल्यांतील जुनी लाकडी जिन्यांची घरे पाहा, आणि तेथून माउंट मेरीपर्यंत रिक्षा करा. रिक्षा थेट वर चर्चच्या दारापर्यंत जाते, त्यामुळे आईंना पायऱ्या टाळता येतात. त्यानंतर बँडस्टँड आणि वांद्रे किल्ला यांना पैसे लागत नाहीत. गल्ल्यांतील घरे मात्र राहती आहेत, तेव्हा कोणाच्या ओटीवर उभे राहून छायाचित्रे काढू नयेत.

विज्ञान केंद्र मग शुक्रवारी करा. नाताळच्या दिवशी गेटवेपेक्षा तेथे मुलींचा वेळ कितीतरी चांगला जाईल. गेटवे मी यादीतून काढूनच टाकले असते.

रेल्वेचे एक, तीन आणि पाच दिवसांचे पर्यटक तिकीट मिळते आणि ते मध्य, पश्चिम व हार्बर या तिन्ही मार्गांवर चालते. तिकीट खिडकीवर विचारून हिशेब करून पाहा. पाच वर्षांपासून बारा वर्षांखालील मुलांना अर्धे भाडे असल्याने मुलींसाठी साधी तिकिटेही स्वस्त पडू शकतील.

प्रतिसाद

मी वसईची, कॅथलिक घरातली. चर्चविषयीच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: निःसंकोच या. नाताळात आमच्याकडे इतर धर्मांचे शेजारी आणि पाहुणे नेहमीच येतात. मिस्सा, म्हणजे चर्चमधील सामूहिक प्रार्थना, चालू असेल तर मागच्या बाकांवर बसावे, सगळे उभे राहिले की उभे राहावे आणि छायाचित्रे नंतर काढावीत. ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी रांग लागते, तेव्हा आपण जागेवरच बसून राहावे; तो श्रद्धेचा भाग असतो, पाहुणचाराचा नव्हे, आणि न घेतल्याबद्दल कोणीही वाईट वाटून घेत नाही.

रविवारसाठी वसई सुचवते. वसईतील चर्चमध्ये मिस्सा मराठीत होतो, गायनही मराठीत असते, त्यामुळे आपल्या आईंना एकेक शब्द समजेल, आणि मला वाटते त्यांना वांद्र्यापेक्षा हेच अधिक आवडेल. गिरीज, निर्मळ, नंदाखाल, पापडी अशा गावांत आळीआळीत येशूजन्माचे देखावे असतात, अंगणातून मोठ्या चांदण्या टांगलेल्या असतात, आणि हे सगळे पाहायला तिकीट नाही. वसईचा किल्लाही जवळच आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेल्या या किल्ल्यात पोर्तुगीज चर्चचे भग्नावशेष आहेत; अकरा वर्षांच्या मुलीला इतिहासाच्या पुस्तकातील वसईची मोहीम तेथे उभ्या उभ्या सांगता येईल. आत जमीन सपाट असल्याने आईंना फारसा त्रास होणार नाही, फक्त ऊन चढण्याआधी जावे.

महत्त्वाची गोष्ट अशी की रविवारी मध्य रेल्वेवर दुपारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, असू शकतो, म्हणून दादरचा वळसा घेऊ नये. डोंबिवलीशेजारच्या कोपर स्थानकाच्या वरच्या फलाटावरून दिवा-वसई मार्गाच्या गाड्या मिळतात. त्या मोजक्याच असल्याने जाण्याची आणि विशेषतः परतीची वेळ आदल्या दिवशीच पाहून ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बुधवारची सुट्टी लक्षात आली नसती, तर बंद दारासमोर मुलींची समजूत घालत बसलो असतो. वसईची कल्पना आईला वाचून दाखवली आणि तिने सगळ्यांच्या आधी होकार दिला. आता एवढेच सांगावे: आमची सांगलीची गाडी रविवारी रात्री कल्याणहून आहे, तेव्हा मराठी मिस्सा सकाळचा गाठून, किल्ला पाहून दुपारी चारपर्यंत कोपरला परतणे शक्य होईल का? आणि वसई रोड स्थानकावरून गावांकडे जाण्यासाठी सहा माणसांना बस सोयीची, की दोन रिक्षा?

प्रतिसाद

सकाळचा मिस्सा गाठायचा तर पहाटे निघावे लागेल. त्याऐवजी आधी किल्ला, मग एखाद्या गावातील चर्च आणि देखावे, असा क्रम ठेवावा. मिस्सा नसला तरी चर्च पाहता येते. जाताना बस बरी, कारण ती स्थानकाबाहेरूनच सुटते. परतताना मात्र रिक्षाच करा, आणि भाडे बसण्याआधी ठरवा.