शाळेतील स्ट्रीट डान्स कार्यशाळा : आधी चित्रफीत दाखवावी की आधी नाच शिकवावा?

प्रश्न : शिक्षिका, जुळे सोलापूर

नमस्कार. आमच्या शाळेतील आठवी-नववीची मुले मोबाइलवर पाहून स्नेहसंमेलनाचे नाच बसवतात आणि त्यांना सरसकट 'हिप-हॉप' म्हणतात. मात्र हा नाच कोणत्या लोकांनी, कोणत्या परिस्थितीत घडवला, हे एकालाही सांगता आले नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कूल हर्क या जमैकात जन्मलेल्या तरुणाने आपल्या बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या आणि गाण्यातला केवळ तालवाद्यांचा तुकडा, म्हणजे 'ब्रेक', लांबवण्याच्या त्याच्या पद्धतीवर 'बी-बॉय' म्हटले जाणारे तरुण नाचू लागले, एवढे मी त्यांना सांगितले, तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. आता दोन शनिवारची कार्यशाळा घ्यावी असे मनात आहे. सुरुवात चित्रफितीने करावी की प्रत्यक्ष नाचाने? आणि पडद्यावर पाहून अशी परंपरा खरोखर टिकते का?

उत्तर १ : चित्रपट मंडळाचा सभासद

ताई, टिकते, परंतु अर्धीच. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील सॅव्हॉय बॉलरूममध्ये, म्हणजे १९२६ ते १९५८ या काळात, आफ्रिकन-अमेरिकन नर्तकांनी लिंडी हॉप हा जॅझ संगीतावरचा जोडीनाच वाढवला. पुढे तो मागे पडला आणि त्यातील अग्रगण्य नर्तक फ्रँकी मॅनिंग यांनी टपाल खात्यात नोकरी धरली. १९८० च्या दशकात जुन्या चित्रपटांतील दृश्ये पाहून भारावलेल्या तरुणांनी हयात नर्तकांचा शोध घेतला, आणि मॅनिंग २००९ मध्ये निधन होईपर्यंत देशोदेशी शिकवत राहिले. फितीने वाट दाखवली, पण वजन कसे टाकायचे आणि जोडीदाराच्या हाताला किती ओढ द्यायची, हे त्या माणसांनीच शिकवले.

१९४१ च्या 'हेल्झापॉपिन' या चित्रपटातील मॅनिंग आणि त्यांच्या साथीदारांचे दृश्य मुलांना अवश्य दाखवावे, पण त्या असामान्य नर्तकांना स्वयंपाकी आणि नोकरचाकर यांच्या वेशात का उभे केले आहे, हा प्रश्न त्याच तासाला विचारावा. कॅमेऱ्याने नाच जपला, परंतु माणसांना दिलेली जागाही त्यात जशीच्या तशी उरली आहे.

उत्तर २ : नृत्यशिक्षक, होटगी रस्ता

मॅडम, माझे मत थोडे वेगळे आहे. आधी अंग हलू द्या. मुलाने स्वतः एकदा 'लॉक' करून पाहिले, म्हणजे मनगट फिरवून हात झटक्याने जागच्या जागी थांबवला, की मग लॉकिंग हा नाच घडवणारे लॉस एंजेलिसचे डॉन कॅम्पबेल पडद्यावर दिसताच ते खुर्चीत पुढे सरकून पाहते. हे मी माझ्या वर्गात वारंवार अनुभवले आहे. लॉकिंग आणि पॉपिंग (स्नायू झटक्याने आवळून सोडण्याचा नाच) ब्रॉन्क्सची नाहीत, कॅलिफोर्नियाची आहेत, आणि पॉपिंगच्या संदर्भात फ्रेस्नोच्या बूगालू सॅम यांचे नाव घ्यावेच लागते. नावे गाळून केवळ स्टेप शिकवणे मला अन्यायकारक वाटते.

एक व्यवहाराची गोष्ट. शाळेच्या शहाबादी फरशीवर गुडघे आणि मनगटे लवकर दुखावतात. ब्रॉन्क्समधील मुले रस्त्यावर पुठ्ठा अंथरत असत. आपणही मोठी खोकी उलगडून कडा चिकटपट्टीने घट्ट बसवाव्यात. सतरंजी मात्र नको, ती पायाखालून सरकते.

उत्तर ३ : लेझीम मंडळ, बाळीवेस

आमच्याकडे नवा मुलगा मिरवणुकीआधीच्या सरावात जुन्यांच्या मागे उभा राहतो, हलगीचा ठेका कानात भरून घेतो, आणि पाय चुकला तर शेजारचा त्याला नुसत्या नजरेने सांगतो. बी-बॉय ज्या रिंगणात नाचतात, त्या 'सायफर'चे काम मला असेच वाटते : एक जण आत जातो, बाकीचे टाळ्यांनी त्याला साथ देतात, आणि पुढचा त्याच्या नाचाला नाचानेच उत्तर देतो. म्हणून मुलांना रांगेत आरशासमोर उभे करू नका, रिंगण करा. चित्रीकरण करणार असाल तर केवळ आत नाचणाऱ्यावर कॅमेरा रोखू नका. भोवतीचे चेहरे आणि टाळ्याही त्यात येऊ द्या, कारण नाच तिथूनच उचलला जातो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या शनिवारी मधल्या सुट्टीपर्यंत पुठ्ठ्यावर रिंगण, आणि त्यानंतर विज्ञानाच्या खोलीत पडदे ओढून लिंडी हॉप आणि लॉकिंगची दृश्ये, असे ठरवले आहे. प्रत्येक दृश्याआधी त्या नर्तकांची नावे एका मुलाने फळ्यावर लिहायची आहेत. खोकी मिळवण्यासाठी उद्याच किराणा दुकानात सांगून ठेवते.