मदत हवी आहे: कुरळ्या दाढीसाठी सलूनमधील वस्तरा योग्य ठरेल का?

नमस्कार. माझी दाढी राठ आणि कुरळी असून मानेवरील केस भोवऱ्यासारखे फिरत वाढतात. त्यामुळे अनेक पात्यांच्या रेझरने ते त्वचेच्या पातळीखाली कापले जातात आणि वाढताना आतच वळून पुटकुळ्या उठतात. एकाच पात्याच्या वस्तऱ्याने हा त्रास कमी होऊ शकतो असे समजल्याने, अनुभवी कारागिराकडून दाढी करून घेण्याचा विचार आहे.

गरम टॉवेलने केस मऊ करून पहिला हात वाढीच्या दिशेने फिरवावा, हे मला ठाऊक आहे. माझी खरी अडचण दुसऱ्या हाताची आहे: उलटा हात फिरवल्याने गुळगुळीतपणा येतो, परंतु केस आत वळण्याची भीतीही त्यानेच वाढते. अशा वेळी केवळ आडवा हात फिरवण्यास आणि त्वचा फार न ताणण्यास सांगावे, की मानेवर दुसरा हात पूर्णपणे टाळावा?

स्वच्छतेबाबत माझा आग्रह ठाम आहे. हिपॅटायटिस बी आणि सी यांचे विषाणू रक्त लागलेल्या पात्यातून पसरू शकतात, म्हणून नवे पाते माझ्यासमोर उघडण्याची विनंती मी करणारच. तुरटीचा खडाही स्वतःचा न्यावा असे वाटते. कारागिराचा मान राखून हे कसे सांगावे? आणि सध्याच्या पुटकुळ्या पूर्ण बऱ्या होईपर्यंत थांबावे का, हेही कृपया अनुभवी सदस्यांनी सांगावे.