बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) आणताना लवंग तेल टाकावं का?

शेततळेवाला: रोहू-कटलाची बोटुकली आणायचीय, सहा-सात तासांचा रस्ता, मागच्या वेळी पिशव्या उघडल्या तर बरीच मेलेली, कोणीतरी म्हणालं पाण्यात लवंग तेल टाक म्हणजे मासा शांत राहतो, कोणी वापरलंय का?

गोड्यापाण्यातला: चालतं पण डोस फार हलका हवा. हळू पोहतोय, तोल सांभाळून आहे, तिथंच थांबायचं. जास्त झालं की उलटा होऊन तळाशी बसतो, एकावर एक थर साचतो आणि खालचे गुदमरतात. आणि तेल पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये मिसळा, नाहीतर वर तवंग येतो नुसता. आधी दहा-बारा मासे बादलीत टाकून बघा.

तळेकरी: अहो औषधाच्या आधी पोट रिकामं आहे का ते विचारा! हॅचरीवाल्याला सांगा, आदल्या दिवशीच खाद्य बंद, रात्रभर हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत) ठेव. भरल्या पोटाचा मासा पिशवीतच घाण करतो, अमोनिया वाढतो, त्याला लवंग काय करणार. एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, आणि गाडी रात्रीची.

शेततळेवाला: आणि मोठे, विक्रीचे मासे जिवंत न्यायचे असतील तर?

गोड्यापाण्यातला: त्याला गुंगीचं काही नकोच. अमेरिकेत एमएस-२२२ या माशांच्या गुंगीच्या औषधाला परवानगी आहे, पण ते दिलं की 21 दिवस मासा खायला विकता येत नाही. तुम्ही तर दुसऱ्या दिवशी बाजारात बसणार. थंड पाणी, गर्दी कमी, बास.