मंडळाची निवडणूक: यादीत नसलेलं नाव मतपत्रिकेवर लिहून दिलं तर?

खजिन्याची_किल्ली

अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाची कार्यकारिणीची निवडणूक पुढच्या महिन्यात एजीएमला (वार्षिक सर्वसाधारण सभेत) आहे. बायलॉजमध्ये, म्हणजे मंडळाच्या घटनेत, निवडणुकीबद्दल तीनच गोष्टी आहेत: मतदान गुप्त व्हावं, नॉमिनेटिंग कमिटीने (उमेदवार सुचवणाऱ्या समितीने) सभेच्या 30 दिवस आधी नावं कळवावीत, आणि बायलॉज गप्प असतील तिथे रॉबर्ट्स रूल्स (सभा चालवण्याच्या नियमांचं अमेरिकेतलं प्रचलित पुस्तक) लागू. कमिटीने पाचही पदांसाठी एकेकच नाव दिलंय. अध्यक्ष म्हणतात, सगळे बिनविरोध झाले, आता मतदान कशाला? काही सभासदांना मात्र खजिनदारपदासाठी दुसऱ्याच एका ताईंचं नाव मतपत्रिकेवर लिहायचंय. त्यांनी अर्ज दिलेला नाही. असं लिहिलेलं मत धरतात की बाद करतात? मतमोजणी माझ्याकडे आहे, त्यामुळे नीट समजून घ्यायचंय.

नियमावली_वाचक

धरतात. बायलॉजमध्ये स्पष्ट मनाई नसेल तर राइट-इन मत, म्हणजे छापील नावाऐवजी हाताने लिहिलेल्या नावाला दिलेलं मत, पूर्ण वैध आहे. आपल्या डोक्यात भारतातली मतपत्रिका असते. तिथे फक्त शिक्का मारायचा, आणि मतदार ओळखू येईल असं काही लिहिलं की मत बाद. रॉबर्ट्स रूल्सची रीत निराळी आहे. गुप्त मतदानात सभासद कोणत्याही पात्र व्यक्तीला मत देऊ शकतो, तिचं नाव कोणी सुचवलेलं असो वा नसो. कमिटीची यादी ही शिफारस आहे, उमेदवारांची अंतिम यादी नव्हे.

म्हणूनच अध्यक्षांचा 'बिनविरोध' इथे चालणार नाही. बायलॉजमध्ये गुप्त मतदानाची सक्ती नसती आणि पदासाठी एकच नाव असतं, तर अध्यक्षांनी 'निवडून आले' असं जाहीर केलं तरी पुरे होतं. पण सक्ती आहे म्हटल्यावर एक नाव असो की चार, मतपत्रिका वाटाव्याच लागतात. 'सर्वांच्या वतीने सचिवांनी एक मत टाकावं' हा ठरावही नियमबाह्य. सभेने एकमताने ठरवलं तरी ही अट बाजूला ठेवता येत नाही, कारण ती राइट-इन लिहू पाहणाऱ्या एकट्यादुकट्या सभासदासाठीच आहे.

दुसरं, ती 30 दिवसांची मुदत फक्त कमिटीला बांधते. सभेत कमिटीचा अहवाल वाचून झाला की अध्यक्षांनी प्रत्येक पदासाठी 'आणखी कोणाचं नाव?' असं विचारलंच पाहिजे. त्या ताईंचं नाव तिथेच सुचवता येईल. आपल्याकडच्यासारखा सूचक-अनुमोदक जोडीने लागत नाही, एकाने नाव घेतलं की झालं. नावं येत असताना 'आता बंद करा' असा ठराव आला तर त्याला दोन तृतीयांश मतं लागतात. यादी पुन्हा उघडायला मात्र साधं बहुमत पुरतं.

हे सगळं अर्थात तुमच्या राज्याच्या नॉनप्रॉफिट कायद्याच्या खाली. आधी कायदा, मग आर्टिकल्स ऑफ इन्कॉर्पोरेशन (संस्थेच्या नोंदणीचा मूळ दस्तऐवज), मग बायलॉज, शेवटी रॉबर्ट्स रूल्स.

मतपेटी

मोजणीबद्दल लिहितो, कारण गडबड तिथेच होते.

मतपत्रिकेवर प्रत्येक पदाखाली छापील नाव आणि त्याखाली चौकट असलेली एक कोरी ओळ ठेवा. 'विरोधात' किंवा 'नाही' अशी चौकट छापू नका. निवडणुकीत कोणाच्या विरोधात मत देता येत नाही, फक्त दुसऱ्या कोणाला तरी देता येतं. नाव लिहिलंय पण चौकटीत खूण नाही, तर इरादा उघड आहे, मत धरा. छापील नावावर खूण करून खाली दुसरंच नाव लिहिलंय, तर एका पदाला दोन मतं झाली, ते बाद. एका पदाचं मत बाद झालं म्हणून त्याच कागदावरची बाकीची चार बाद होत नाहीत. प्रत्येक पद स्वतंत्र मोजायचं.

शुद्धलेखनाने मत बाद होत नाही. इंग्रजी मतपत्रिकेवर देवनागरीत नाव लिहिलंय, आडनाव चुकलंय, 'खजिनदार' ऐवजी 'खजीनदार' असं काही खरडलंय, तरी कोण ते कळतंय ना, मग झालं. खरा प्रश्न 'जोशी काकू' असं नुसतं लिहिलं की येतो, मंडळात दोन जोशी काकू असतील तर. त्या संदिग्ध मतांनी निकाल बदलू शकत नसेल तर ती बाद धरा. बदलू शकत असेल तर मोजणाऱ्यांनी स्वतः ठरवायचं नाही. अध्यक्षांना सांगायचं, अध्यक्ष सभेला विचारतील आणि सभा ठरवेल.

आता सर्वांत जास्त चुकणारी जागा. समजा पेटीत खजिनदारपदाच्या 96 मतपत्रिका आहेत. 4 कोऱ्या. छापील उमेदवाराला 46, राइट-इन ताईंना 39, वर्गणी न भरल्यामुळे पदाला अपात्र असलेल्या एकांना 5, आणि 2 वाचता येत नाहीत. कोऱ्या 4 सोडून द्या, त्या कागदाचे कपटे. उरल्या 92. अपात्राला दिलेली 5 आणि न वाचता येणारी 2 बाद आहेत, पण 'दिलेल्या मतांत' मोजली जातात, कारण ती देणारे सभासद खरे आहेत. 92 चं बहुमत 47. छापील उमेदवाराची 46, म्हणजे कोणीच निवडून आलेलं नाही. हीच 7 मतं घाईने टोपलीत टाकली तर एकूण 85, बहुमत 43, आणि तुम्ही चुकीच्या माणसाला विजयी जाहीर कराल.

दोन भरलेल्या मतपत्रिका एकात एक घडी केलेल्या सापडल्या तर दोन्ही मिळून एक बाद मत. त्यातली एक कोरी असेल तर भरलेली धरायची. आणि मतदानाचा हक्कच नसलेल्याने टाकलेलं मत ओळखू आलं तर ते कुठेच मोजू नका, एकूणातही नाही.

खजिन्याची_किल्ली

46-39 झालं तर पुढे काय? आणि ताई निवडून आल्या पण सभेला नसल्या तर?

नियमावली_वाचक

पुन्हा मतदान, बहुमत मिळेपर्यंत. सर्वाधिक मतांवर निकाल लावायचा असेल तर बायलॉजमध्ये तसं लिहिलेलं हवं. कमी मतं मिळालेल्याला आपोआप वगळता येत नाही. तेव्हा मतपत्रिकांचे दोन-तीन संच जास्तीचे छापून ठेवा. साधे कोरे कागदही चालतात.

ताई हजर असतील आणि तिथेच नाही म्हणाल्या नाहीत, तर निवड लगेच पक्की. गैरहजर असून आधी होकार दिलेला असेल, तरीही लगेच पक्की. होकारही दिलेला नसेल तर त्यांना कळवल्यावर त्या तत्काळ नाही म्हणाल्या नाहीत की पक्की. नाही म्हणाल्या तर निवडणूक अपुरी राहिली, पुन्हा मतदान. दुसऱ्या क्रमांकावरचा आपोआप खजिनदार होत नाही. म्हणून ज्यांना नाव लिहायचंय त्यांनी त्यांना आधी विचारावं, आणि सभेच्या दिवशी फोन लागेल अशी सोय करावी.

दूरची_सभासद

ऑनलाइन मतदान करणाऱ्या मंडळांनी राइट-इन बंदच करावं असं मला वाटतं. फॉर्ममध्ये दहा तऱ्हेने लिहिलेली नावं जुळवत बसावं लागतं, आणि दुसरी फेरी घ्यायची तर सगळ्यांना पुन्हा लिंक पाठवा. बंदी कार्यकारिणीच्या ठरावाने होत नाही, बायलॉज दुरुस्त करावे लागतात. वाक्य असं ठेवा: 'मुदतीत नामनिर्देशन झालेल्या उमेदवारांनाच मत देता येईल, लिहून दिलेली इतर नावे बाद समजली जातील.' नुसतं 'अर्जांची मुदत 30 दिवस' लिहून राइट-इन बंद होत नाही.

मतपेटी

त्या बंदीशी मी सहमत नाही. कमिटी एकेकच नाव देत असेल तर कोरी ओळ हाच सभासदांचा एकमेव पर्याय उरतो. नावं जुळवायला अर्धा तास जास्त गेला तर जाऊ द्यावा. ऑनलाइन किंवा टपालाने मतदान करायलाही बायलॉजची परवानगी लागते, ती दुरुस्ती करताना 'सर्वाधिक मतं मिळवणारा विजयी' हे घाला, म्हणजे दुसरी फेरी जवळजवळ लागणारच नाही.

किल्ली, तुमच्या अहवालात एकूण दिलेली मतं, आवश्यक बहुमत, प्रत्येकाला पडलेली मतं आणि बाद मतं कारणासकट लिहा. सभेत ते पूर्ण वाचा आणि इतिवृत्तात जसंच्या तसं घाला. हरलेल्याला वाईट वाटेल म्हणून आपली माणसं आकडे गाळतात. तसं करायचं नाही, रॉबर्ट्स रूल्समध्येही ते स्पष्ट सांगितलंय. मतपत्रिका पाकिटात सील करून, फेरमोजणीची मुदत संपेपर्यंत सचिवांकडे ठेवा.