पारा-पोरोसिमेट्रीची मोजमापे प्रारूपाला देण्याआधी कोठे छाटावीत?

प्रश्न

नमस्कार. फ्लाय ॲश घातलेल्या सिमेंट मॉर्टरच्या पारा-पोरोसिमेट्रीवरून (दाबाने छिद्रांत पारा घुसवून त्यांचे आकार मोजण्याची पद्धत; दाब जितका जास्त तितके छिद्र बारीक) मी छिद्रजालाचे त्रिमितीय प्रारूप तयार करत आहे आणि त्यातून पाण्याची पारगम्यता काढायची आहे. तुकडे साधारण ५ मिलिमीटरचे असून दाब ०.००३५ पासून ४०० मेगापास्कलपर्यंत नेला होता. एका ग्रॅममागे एकूण ०.०७२ घनसेंटिमीटर पारा आत गेला. त्यातला ०.०१२ घनसेंटिमीटर ०.०३ मेगापास्कलच्या आतच गेला, मग वक्र बराच सपाट राहिला आणि सुमारे १५ मेगापास्कलला एकदम चढला. २०० मेगापास्कलच्या पुढे तो सपाट न होता मंदपणे चढतच राहतो. १० मायक्रोमीटरपेक्षा मोठी छिद्रे सरसकट वगळावीत असा सल्ला मला मिळाला आहे, पण त्यामागचे कारण समजलेले नाही. दोन्ही टोके छाटावीत काय, आणि छाटल्यास कशाच्या आधारावर?

उत्तर १

सर्वप्रथम, छाटणीची मर्यादा व्यासात न सांगता दाबात सांगावी. यंत्र मोजते तो दाब आणि आकारमान. व्यास हा १९२१ च्या वॉशबर्न समीकरणातून, म्हणजे पृष्ठताण आणि स्पर्शकोन गृहीत धरून काढलेला आकडा असतो. पृष्ठताण ०.४८५ न्यूटन प्रति मीटर आणि स्पर्शकोन १३० अंश धरला तर ०.०३ मेगापास्कलला सुमारे ४२ मायक्रोमीटर व्यास येतो. कोन १४० अंश धरला की तोच बिंदू जवळजवळ ५० मायक्रोमीटरवर जातो. त्यामुळे “१० मायक्रोमीटर” ही मर्यादा दोन प्रयोगशाळांत दोन वेगळ्या ठिकाणी पडू शकते, आणि तुमच्या वक्रात त्या ठिकाणी काही घडतही नाही.

सुरुवातीचा ०.०१२ घनसेंटिमीटर पारा बहुधा छिद्रांत गेलेलाच नाही. कापलेल्या पृष्ठभागाचे खळगे, तुटलेल्या वाळूकणांच्या खाचा आणि तुकड्यांमधल्या फटी यांना चिकटून बसायला पाऱ्याला थोडा दाब लागतो, आणि तेवढे आकारमान यंत्र छिद्रांच्या खाती जमा करते. याची खात्री करण्याचा चांगला मार्ग म्हणजे त्याच मॉर्टरचे दुप्पट मोठे तुकडे घेऊन पुन्हा चाचणी करणे. तुकड्याची बाजू दुप्पट केली की ग्रॅममागचा बाहेरचा पृष्ठभाग निम्मा होतो. सुरुवातीची भरतीही जवळपास निम्मी झाली, तर ती पृष्ठभागाची आहे आणि ती निःशंकपणे काढावी. मुख्य चढ मात्र फारसा हलता कामा नये. मोठ्या तुकड्यात आतली छिद्रे गाठायला वाट लांब असल्याने तो थोडा सरकू शकतो. पारा गेलेला तुकडा पुन्हा वापरता येत नाही, म्हणून त्याच ओतणीतले जुळे तुकडे आधीच बाजूला काढून ठेवावेत.

हे टोक न छाटता दिल्यास प्रारूप त्याला सलग रुंद वाटा समजण्याचा धोका असतो. पारगम्यता कंठाच्या, म्हणजे छिद्रांना जोडणाऱ्या अरुंद वाटेच्या, व्यासाच्या वर्गाबरोबर वाढते. तुमचा मुख्य चढ सुमारे ८३ नॅनोमीटरवर आहे आणि पृष्ठभागाची भरती ४२ मायक्रोमीटर व त्याहून मोठ्या आकारांवर, म्हणजे किमान ५०० पट मोठ्या. वर्ग केल्यावर हा फरक अडीच लाख पटींचा होतो. अशा वाटांपैकी थोड्याच एकमेकींना जोडल्या गेल्या तरी उत्तर निरर्थक ठरेल.

यामुळे मॉर्टरमधले हवेचे बुडबुडे वगळले जातील अशी भीती नको. आत बंदिस्त असलेल्या मोठ्या पोकळ्यांत पारा अरुंद कंठांतूनच पोहोचतो, त्यामुळे त्यांचे आकारमान १५ मेगापास्कलच्या चढातच मोजले गेले आहे. बारीक छिद्रांचा वाटा त्यामुळे फुगलेला दिसतो, पण तो दोष छाटणीने जाणारा नाही.

उत्तर २

वरच्या टोकाबद्दल, म्हणजे २०० मेगापास्कलच्या पुढच्या चढत्या शेपटीबद्दल, मी अधिक सावध राहीन. ४०० मेगापास्कलला पारा स्वतःच सुमारे दीड टक्का आकसतो. रिकाम्या पेनेट्रोमीटरच्या (नमुना ठेवायच्या कुपीच्या) चाचणीतून ही दुरुस्ती केली जाते, पण त्या चाचणीत संपूर्ण कुपी पाऱ्याने भरलेली असते आणि खऱ्या चाचणीत तिचा काही भाग नमुन्याने व्यापलेला असतो. मॉर्टरचे घन कण पाऱ्यापेक्षा कमी आकसतात, म्हणून सरसकट वजाबाकीने शेपटीतली खरी भरतीही थोडी कापली जाते. उलट, दुरुस्ती लावलीच नसेल तर शेपटी खोटी वाढते. तेव्हा प्रथम कोणती दुरुस्ती लागू केली आहे ते तपासावे. छाटणीचा विचार त्यानंतर.

शेपटी खरी आहे का, हे दाब उतरवतानाच्या वक्रावरून कळते. ४०० वरून २०० मेगापास्कलला येताना वक्र चढलेल्या वाटेनेच परत आला, तर ते लवचीक आकसणे आहे. पारा खरोखर छिद्रांत गेला असेल, तर तो त्याच दाबाला सहसा बाहेर येत नाही आणि दोन वक्रांमध्ये अंतर राहते. सिमेंटच्या जेलमध्ये (सिमेंट व पाण्याच्या अभिक्रियेतून बनणाऱ्या बारीक पदार्थात) या मापाची छिद्रे खरोखर असतात, म्हणून केवळ वक्र सुबक दिसावा यासाठी शेपटी कापणे मला मान्य नाही.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. उतरणीचा वक्र नोंदवलेला आहे. त्यात दोन वाटांमध्ये स्पष्ट अंतर दिसते, तेव्हा शेपटी ठेवतो आणि केवळ दुरुस्ती नव्याने करतो. सुरुवातीची भरती काढल्यावर सच्छिद्रता ०.०६० घनसेंटिमीटरवरून मोजावी, एवढेच पुरे आहे ना?

उत्तर १

नाही, भाजकही, म्हणजे नमुन्याचे एकूण आकारमानही, बदलावा लागतो. जे आकारमान छिद्रांचे नाही असे आपण ठरवले, ते नमुन्याचेही नाही. समजा सर्वांत कमी दाबाला मोजलेली घनता २.१० ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आहे, म्हणजे एका ग्रॅमने ०.४७६ घनसेंटिमीटर जागा व्यापली. त्यातून ०.०१२ वजा केल्यावर ०.४६४ उरतात आणि घनता २.१५ होते. मूळ सच्छिद्रता १५.१ टक्के, दोन्हीकडे छाटल्यावर १२.९ टक्के, आणि केवळ अंश (छिद्रांचे आकारमान) छाटून भाजक तसाच ठेवला तर १२.६ टक्के. अनेक संगणक प्रणाली सच्छिद्रतेचा आकडा वेगळा मागतात आणि तो वक्राशी जुळतो की नाही हे पाहत नाहीत, म्हणून हे स्वतः तपासावे. हेलियम पिक्नोमीटरने (हेलियम वायूने आकारमान मोजणाऱ्या उपकरणाने) जुळ्या तुकड्याच्या घन भागाची घनताही काढावी. हेलियम अधिक बारीक छिद्रांत शिरत असल्याने त्यावरून येणारी सच्छिद्रता पाऱ्याच्या आकड्यापेक्षा कमी निघाली, तर छाटणी अपुरी आहे किंवा तुकडे नीट वाळलेले नव्हते.

शेवटी प्रारूप तीनदा चालवावे: छाटणी ०.०३ वर, ०.१ वर आणि १ मेगापास्कलवर. तुमचा सपाट भाग खरोखर सपाट असेल, तर तिन्ही पारगम्यता जवळजवळ सारख्याच येतील. त्या वेगळ्या आल्या, तर सपाट दिसणाऱ्या भागातही भरती चालू आहे, आणि मोठ्या तुकड्यांची चाचणी पूर्ण झाल्याशिवाय पारगम्यतेचा आकडा अहवालात देऊ नये.